एकच औषध, दोन गाठी

तिसऱ्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टची शेवटची ओळ होती, ‘आजार वाढला आहे’. रिपोर्ट चुकीचा नव्हता. पण प्रत्यक्ष चित्रं पाहिली तर फुप्फुसातली गाठ आकसून होती तेवढीच राहिली होती, छातीच्या मध्यभागातला लिम्फ नोड आणखी लहान झाला होता आणि फुगली होती ती फक्त उजव्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ. रक्त एकच, शिरेतून जाणारं औषध एकच, डोस एकच. मग एका गाठीनं दाद दिली आणि दुसरीनं का नाही?

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे, त्याचे आकडेही तसेच. पण त्याच्याभोवतीचं जीवशास्त्र, औषधं देण्याचे नियम आणि ज्या चाचण्यांचा उल्लेख येईल त्या खऱ्या आहेत. मी हे पॅथॉलॉजीच्या टेबलावरून लिहितोय, त्यामुळे स्लाइडला जरा झुकतं माप मिळेल.

रुग्ण आणि सुरुवात

वय ५८, पुरुष. तीस वर्षं सिगारेट, चार वर्षांपूर्वी सोडलेली. दोन महिने हटत नसलेला खोकला आणि सैल होत चाललेले कपडे, एवढ्यावर तपासणी सुरू झाली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ४.६ सेंटिमीटरची गाठ, श्वासनलिकेजवळ २.४ सेंटिमीटरचा लिम्फ नोड, उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये ३.१ सेंटिमीटरची गाठ. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे नॉन-स्मॉल सेल गटातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. गोळीवर भागू शकेल असे जनुकीय बदल, ईजीएफआर, एएलके, आरओएस-१, यांतलं काहीच सापडलं नाही. सापडलं ते केरास जनुकातला जी१२डी बदल आणि निकामी झालेलं एसटीके-११ जनुक. प्रतिकारशक्तीला ब्रेक लावणारं पीडी-एल१ हे प्रथिन एक टक्क्याहून कमी पेशींवर.

एसटीके-११ हे नाव लक्षात ठेवायला हवं. हे जनुक बंद पडलेल्या फुप्फुसाच्या गाठींमध्ये टी-पेशी (कर्करोग-पेशी ओळखून मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी आणि न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असा कल उंदरांतही दिसला आहे आणि माणसांतही. म्हणजे या माणसाच्या गाठीत आपली बाजू घेणाऱ्या पेशींचं पारडं पहिल्या दिवसापासूनच हलकं असणार, असा अंदाज केमोच्या आधीच बांधता येत होता.

आज अशा रुग्णाला बहुतेक ठिकाणी केमोबरोबरच पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध सुरू होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कीनोट-१८९ चाचणीत ६१६ रुग्ण होते. नुसत्या केमोवर वर्षभरानंतर ४९.४ टक्के हयात होते, पेम्ब्रोलिझुमॅब जोडल्यावर ६९.२ टक्के. आमच्या रुग्णाला मात्र मायस्थेनिया ग्रेव्हिस होता. या आजारात शरीराचेच प्रतिपिंड मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवतात. मागच्याच वर्षी तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला होता आणि रुग्ण आयसीयूत जाऊन आला होता. प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारं औषध अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्यामुळे नुसती केमो द्यायचं ठरलं. रुग्णाच्या दृष्टीनं हे दुर्दैवच, पण अभ्यासाच्या दृष्टीनं एक गोष्ट सोपी झाली: पुढे जे घडलं त्यात इम्युनोथेरपीचा हात नव्हता.

कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोची दोन औषधं, दर २१ दिवसांनी. पेमेट्रेक्सेडबरोबर लागतात ती फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं, आणि अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन: ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, औषधाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. या तीन दिवसांच्या स्टेरॉइडकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पुढे ते आपल्याला दोनदा आडवं येणार आहे.

दोन सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये तिन्ही गाठींची बेरीज १०.१ वरून ६.७ सेंटिमीटरवर आली होती. सुमारे ३४ टक्के घट, म्हणजे निकषांनुसार चांगला प्रतिसाद. चार सायकलनंतर ६.३: फुप्फुस २.७, नोड १.३, अ‍ॅड्रिनल २.३. कार्बोप्लॅटिन थांबलं, पेमेट्रेक्सेड एकटं चालू राहिलं. आणखी दोन सायकल झाल्यावर तो तिसरा स्कॅन आला. फुप्फुस २.८, नोड १.१, अ‍ॅड्रिनल ४.०. बेरीज ७.९.

सर्वांत कमी बेरजेच्या २० टक्के वर आणि किमान पाच मिलिमीटर वाढ झाली की निकषांच्या भाषेत आजार वाढला. इथे वाढ होती २५ टक्के. बेरजेला कुठली गाठ काय करतेय याच्याशी देणंघेणं नसतं. चाचण्या चालवायला ही पद्धत ठीक आहे. पण रुग्णाबद्दल बोलताना बेरीज मोडून एकेक आकडा पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नेहमीचे संशयित

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, पहिली शंका आली ती गाठीच्या पेशींवरच. औषधाला दाद न देण्याची जी कारणं पाठ्यपुस्तकात असतात ती बहुतेक कर्करोगाच्या पेशीच्या आतली आहेत. कार्बोप्लॅटिनमधला प्लॅटिनमचा अणू डीएनएतल्या शेजारशेजारच्या ग्वानिनांना एकत्र जखडतो. पेशी ती जखडण सोडवायला शिकते. औषध आत आलं की बाहेर फेकणारे पंप वाढवते. पेमेट्रेक्सेड ज्या एन्झाइमला अडवतं ते एन्झाइमच जास्त बनवते. किंवा कीप-१ जनुक निकामी होऊन एनआरएफ-२ मोकळं सुटतं आणि पेशी विषं पचवायला तयार होते.

अ‍ॅड्रिनल आणि फुप्फुस, दोन्हीकडून नव्यानं बायोप्सी घेतली. केरास तोच, एसटीके-११ तोच, कीप-१ दोन्हीकडे शाबूत. डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत नवा बदल नाही. जनुकांचा पॅनेल सगळं पाहत नाही, जनुकं चालू-बंद करणाऱ्या खुणा तर तो पाहतच नाही. पण जे पाहिलं त्यात दोन गाठी सख्ख्या बहिणी होत्या.

दुसरी शंका, औषध तिथवर पोचलंच नाही. ती फार टिकली नाही. अ‍ॅड्रिनल ही रक्तानं न्हाऊन निघालेली ग्रंथी आहे, स्कॅनमध्ये ती गाठ कॉन्ट्रास्ट चांगला घेत होती, आणि पहिल्या चार सायकलमध्ये ती ३.१ वरून २.३ वर उतरली होती. पोचलं होतं, कामही केलं होतं.

मग कुणीतरी रक्ताच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (टी-पेशी याच गटातल्या) यांचं प्रमाण सुरुवातीला ३.१ होतं, सहाव्या सायकलच्या सकाळी ते ७.८ होतं, न्यूट्रोफिल ७,४०० आणि लिम्फोसाइट ९५०. हे प्रमाण वाढलेलं असणं फुप्फुसाच्या कर्करोगात चांगलं लक्षण नाही, हे पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. ‘बघा, न्यूट्रोफिल उठलेत,’ असं म्हणून सगळे पुढे जाणार होते.

पण ते रक्त कधी काढलं होतं? केमोच्या दिवशी सकाळी. आणि डेक्सामेथासोन सुरू झालं होतं आदल्या दिवशी. स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर सरकतात. काही तासांत हे प्रमाण दुप्पट होऊ शकतं, गाठीचा काहीएक संबंध नसताना. दहा दिवसांनी, स्टेरॉइडचा अंमल उतरल्यावर पुन्हा रक्त घेतलं: ५,९०० आणि १,२००, म्हणजे ४.९. वाढ खरी होती, पण निम्म्याहून जास्त फुगवटा गोळीचा होता. हा आकडा रोज वापरला जातो आणि नमुना कोणत्या दिवशी घेतला हे क्वचितच लिहिलेलं असतं.

स्लाइडवर काय दिसलं

आता टेबलावर दोन ट्रे.

फुप्फुसाच्या तुकड्यात बरीचशी जागा मेलेल्या ऊतीची आणि नव्या तंतूंची. त्यात कर्करोग-पेशींची बेटं उरली होती, पण विरळ. बेटांच्या आत, अगदी कर्करोग-पेशींना खेटून, सीडी८, म्हणजे मारेकरी, टी-पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या उभ्या होत्या. काठावर लिम्फोसाइटांचे दोन गोल पुंजके, जणू गाठीनं स्वतःजवळच छोटा लिम्फ नोड उभारलाय. असे पुंजके असले की प्रतिकारशक्ती तिथल्या तिथे तालीम करतेय असं समजायला हरकत नसते. आणि मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी? भरपूर. फेसाळ पोटाच्या, मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टम्म झालेल्या, शिवाय तीस वर्षांच्या धुराचा काळा कोळसा पोटात घेऊन बसलेल्या. (इथे नवशिका हमखास फसतो. इम्युनोस्टेनचा, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवणाऱ्या स्टेनचा, तपकिरी रंग आणि कोळशाचा काळपट तपकिरी, कमी उजेडात एकच दिसतात. साध्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर तोच भाग शेजारी ठेवून पाहायचा, नाहीतर लाल रंगाचा स्टेन मागवायचा.)

अ‍ॅड्रिनलच्या तुकड्यात बेटं दाट, पेशी ताज्यातवान्या, काही विभाजनाच्या मध्यावर पकडलेल्या. सीडी८ इथेही होत्या, आणि मोजल्या तर फार कमी नव्हत्या. पण त्या सगळ्या बेटांच्या बाहेर, तंतूंच्या पट्ट्यात अडकलेल्या. बेट आणि टी-पेशी यांच्या मध्ये मॅक्रोफेजांची सलग कड, सीडी१६३ या मॅक्रोफेजवरच्या प्रथिनाच्या स्टेननं गडद तपकिरी. त्यांचं पोट रिकामं. कचरा गिळलेला नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला त्यांची गर्दी जास्त, आणि मध्येमध्ये न्यूट्रोफिल.

मॅक्रोफेजांची संख्या दोन्ही गाठींत जवळपास सारखीच भरली. नुसता आकडा रिपोर्टात टाकला असता तर दोन्ही गाठी सारख्याच ठरल्या असत्या. फरक होता तो त्या कुठे बसल्यात आणि पोटात काय आहे, यात.

शेजारी नेमकं करतात काय

इथे ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण जिभेवर येते. प्रतिकारशक्तीच्या पेशी फितूर झाल्या, शत्रूला मिळाल्या. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. मॅक्रोफेज इथे फितूर नाही. ती तिचं नेहमीचं काम करतेय. हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ साली गाठींना ‘भरून न येणाऱ्या जखमा’ म्हटलं होतं, ते इथे जास्त लागू पडतं. जखमेत मॅक्रोफेजचं पहिलं काम साफसफाईचं आणि दुसरं जखम भरून आणण्याचं: दाह शांत करायचा, नव्या रक्तवाहिन्या उगवू द्यायच्या, आजूबाजूच्या पेशींना तगून राहा, वाढा, असा निरोप द्यायचा. केमो गाठीत हजारो पेशी मारते, म्हणजे एक मोठी जखमच करते. मॅक्रोफेजला ती जखम कर्करोगाची आहे की कापल्याची, हे कळत नाही.

तो निरोप रेणूंच्या भाषेत असा जातो. मॅक्रोफेज आयएल-६ हे संदेशवाहक प्रथिन सोडते. ते कर्करोग-पेशीच्या पृष्ठभागावर बसतं, आत स्टॅट-३ हे प्रथिन जागं होतं आणि ते बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ यांसारखी प्रथिनं वाढवतं. या प्रथिनांचं काम एकच, पेशीला आत्महत्येपासून अडवणं. प्लॅटिनम पेशीला थेट मारत नाही. ते डीएनए जखडतं, पेशी दुरुस्तीचा प्रयत्न करते, जमलं नाही तर स्वतःला संपवते. आयएल-६ ही शेवटची पायरी उंच करून ठेवतं. डीएनए तेवढाच जखडलेला, औषध तेवढंच आत गेलेलं, पण पेशी मरायच्या ऐवजी दुरुस्तीला आणखी दोन दिवस मिळवते.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो हा वेळ. शेजारच्या पेशी औषधाला हरवत नाहीत, त्या कर्करोग-पेशीला वेळ मिळवून देतात. २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर झालेल्या एका कामात दिसलं होतं की जवळपास सगळी वसाहत औषधानं मेली तरी मूठभर पेशी तग धरतात, आणि त्यांच्यात तसा कुठला जनुकीय बदल नसतो. औषध काढून घेतलं की त्यांची पिल्लावळ पुन्हा औषधाला बळी पडते. अशा पेशी म्हणजे पळवाट काढलेल्या नव्हेत, नुसत्या दबा धरून बसलेल्या. त्यांना हवा असतो अवधी. केमोत २१ दिवसांचं अंतर ठेवतात ते अस्थिमज्जेला सावरायला. पण सावरणाऱ्या मज्जेतून मोनोसाइट बहुधा न्यूट्रोफिलच्या आधी परततात, आणि गाठीतल्या नव्या मॅक्रोफेजांचा एक मोठा भाग याच मोनोसाइटांचा बनतो. म्हणजे पुढचा डोस यायच्या आत दबा धरलेल्या पेशींना रसद पोचलेली असते.

रसद मागवणारी कधीकधी कर्करोग-पेशी स्वतःच असते. जपानमधल्या एका गटानं २०१६ साली दाखवलं की केमोला दाद न देणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोग-पेशी आयएल-३४ हे आणखी एक संदेशवाहक प्रथिन बनवतात. हे आयएल-३४ मॅक्रोफेजला टी-पेशी दडपणाऱ्या वळणावर नेतं, आणि उलट कर्करोग-पेशीच्याही जगण्याला हातभार लावतं. ते बनायला लागतं केमोमुळेच.

टी-पेशींची बाजू थोडक्यात सांगतो. केमो फक्त पेशी मारून थांबत नाही. मरताना पेशीनं योग्य खुणा दाखवल्या तर टी-पेशी उरलेल्यांचा माग काढतात. कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर येणं ही त्यातली मोठी खूण. ऑक्झॅलिप्लॅटिन ती खूण वर आणतं, सिस्प्लॅटिन बहुधा आणत नाही, दोन्ही प्लॅटिनमची औषधं असूनही. २०१६ साली उंदरांच्या फुप्फुसातल्या गाठींवर ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर त्या इम्युनोथेरपीला दाद देऊ लागल्या, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिननं तसं झालं नाही. आमच्या रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीत टी-पेशी बेटांत शिरलेल्या होत्या, म्हणजे तिथे काही ना काही करून माग लागला होता. अ‍ॅड्रिनलमध्ये त्या दारातच उभ्या राहिल्या.

पण अ‍ॅड्रिनलच का?

इथवर गोष्ट जुळून आली होती, आणि अशा वेळीच मला धास्ती वाटते. एसटीके-११ दोन्ही गाठींत निकामी होतं, तेव्हा फरकाचं उत्तर ते देऊ शकत नव्हतं. फरक जागेतच शोधायला हवा होता.

बियाणं आणि जमीन ही उपमा स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्करोगाच्या पसरण्याबद्दल वापरली होती. अ‍ॅड्रिनलची जमीन कशी आहे? तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार होतं. म्हणजे ही गाठ स्टेरॉइडच्या कारखान्यातच उगवली होती. इतर गाठींना कॉर्टिसॉल रक्तातून मिसळून मिळतं. हिच्या शेजारच्या पेशी ते जागेवर पाझरतात. टी-पेशींना थोपवणं आणि मॅक्रोफेजला शांत, जखम भरणाऱ्या वळणावर नेणं, ही कॉर्टिसॉलची नेहमीचीच कामं. अ‍ॅड्रिनलमध्ये पसरलेल्या गाठी इम्युनोथेरपीला चिवट ठरतात अशी शंका घेतली जाते, आणि तिच्यामागे हाच तर्क असतो.

मग माझं लक्ष पुन्हा त्या सीडी१६३ कडे गेलं. या स्टेनवर गडद रंगलेली मॅक्रोफेज म्हणजे ‘गाठीला पाठीशी घालणारी मॅक्रोफेज’ असं आम्ही सर्रास वाचतो. पण सीडी१६३ वाढवणारी सर्वांत ठळक गोष्ट कोणती? ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलच्या जातीचं स्टेरॉइड. डेक्सामेथासोन मोनोसाइटवर टाकलं की सीडी१६३ चढतं, हे प्रयोगशाळेत कधीचं माहीत आहे. म्हणजे अ‍ॅड्रिनलमधली ती तपकिरी कड कर्करोगानं रंगवलेली की कॉर्टिसॉलनं, हे स्लाइड सांगू शकत नाही. त्या मॅक्रोफेज कदाचित गाठ यायच्या आधीपासून तशाच होत्या.

हे लक्षात आल्यावर रिपोर्टातलं एक वाक्य मी खोडलं. ‘मॅक्रोफेजांमुळे प्रतिरोध’ असं लिहिलं होतं. त्याऐवजी लिहिलं, ‘वाढणाऱ्या गाठीत टी-पेशी बेटांबाहेर, सीडी१६३ मॅक्रोफेज बेटांच्या कडेला सलग, फुप्फुसातल्या गाठीत टी-पेशी बेटांच्या आत.’ दिसलं तेवढंच. हे वाक्य कुणालाच आवडलं नाही, कारण त्यात ‘म्हणून’ नव्हता.

स्टेरॉइड दुसऱ्यांदा आडवं आलं ते असं. कॉर्टिसॉल जर शंकेच्या घेऱ्यात असेल, तर पेमेट्रेक्सेडबरोबर आपण देतो त्या डेक्सामेथासोनचं काय? प्रयोगशाळेत स्टेरॉइडनं फुप्फुसाच्या कर्करोग-पेशींचं मरण रोखलेलं दिसलं आहे, आणि पेमेट्रेक्सेडसारखं विभाजन करणाऱ्या पेशींवर काम करणारं औषध पेशी थबकल्या की बोथट होतं हेही तर्काला धरून आहे. बोर्डात एकानं विचारलं, मग बंद करूया का? नाही. डिशमधल्या पेशींवरून रुग्णाची पुरळ रोखणारी गोळी काढता येत नाही. पण उलटी होऊ नये म्हणून वर आणखी दिलं जाणारं स्टेरॉइड खरंच किती लागतं, हे तपासायला काय हरकत आहे? ते तपासलं आणि कमी झालं.

दाह दाबून टाकला तर?

मॅक्रोफेज, आयएल-६, न्यूट्रोफिल, सगळीकडे दाहच दिसतोय. मग दाह विझवणारं औषध जोडावं, हा मोह स्वाभाविक आहे. त्याची एक खरी गोष्ट आहे आणि ती मी दर वेळी सांगतो. कॅनाकिन्युमॅब नावाचा प्रतिपिंड आयएल-१-बीटाला बांधून ठेवतो; हे आयएल-१-बीटा मुख्यतः मोनोसाइट-मॅक्रोफेजांचंच. कॅन्टोस या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवर तो वापरला, उद्देश हृदयाचा. २०१७ साली निकाल आले तेव्हा ३०० मिलिग्रॅमच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी दिसले. सगळ्या जगाचे डोळे विस्फारले. मग प्रत्यक्ष फुप्फुसाच्या कर्करोगात कॅनोपी नावाच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या: पसरलेल्या आजारात केमो आणि पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला, नंतरच्या टप्प्यात डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या जोडीला, आणि ऑपरेशननंतर. २०२१-२२ मध्ये तिन्ही आपल्या मुख्य उद्देशात नापास झाल्या.

कॅन्टोसमधल्या लोकांना भरतीच्या वेळी कर्करोग असल्याचं माहीत नव्हतं. ज्यांच्यात असेल तो फार लहान असणार. गाठ उगवतानाचं शेजार आणि चार सेंटिमीटरच्या, केमोचे घाव झेललेल्या गाठीचं शेजार एकच नव्हे. उगवताना एका संदेशवाहकावर बरंच अवलंबून असेल. नंतर दहा वाटा तयार होतात आणि एक बुजवली तर बाकीच्या नऊ उघड्या राहतात. मॅक्रोफेजांची रसद तोडणारी, सीएसएफ-१ या मॅक्रोफेज वाढवणाऱ्या संदेशाचं दार बंद करणारी औषधंही उंदरांत छान चालली. फुप्फुसाच्या कर्करोगात केमोच्या जोडीला नेहमीचा उपचार म्हणून त्यातलं एकही बसलेलं नाही. म्हणून आमच्या रुग्णाला असलं काही देण्याचा प्रश्न आला तेव्हा चर्चा पाच मिनिटांत आटोपली.

काय ठरवलं

रूढ रस्ता होता पेमेट्रेक्सेड बंद करून डोसेटॅक्सेल सुरू करणं. बेरजेकडे पाहून तोच बरोबर होता. पण तीनपैकी दोन जागी पेमेट्रेक्सेड अजून काम करत होतं आणि डोसेटॅक्सेल अंगावर जास्त येतं. एकाच जागी आजार वाढत असेल तर त्या जागेचा वेगळा बंदोबस्त करून चालू औषध तसंच ठेवायचं, ही वाट रेडिएशनवाल्या सहकाऱ्यांनी मांडली. नेमक्या गाठीवर मोजक्या बैठकांत मोठ्या मात्रेचं रेडिएशन. डावी अ‍ॅड्रिनल शाबूत असल्यानं उजवी गेली तरी कॉर्टिसॉलचं भागणार होतं.

स्लाइडचा या निर्णयात वाटा किती? खरं सांगायचं तर थोडा. स्कॅननंच तो अर्धा घेतला होता. स्लाइडमुळे एवढं झालं की ‘कर्करोग बदलला, आता सगळीकडे हेच होणार’ ही भीती जरा बाजूला राहिली. जनुकं बदललेली नव्हती, शेजार वेगळं होतं. तेव्हा फुप्फुसातली गाठ उद्याच अ‍ॅड्रिनलच्या वाटेनं जाईल असं मानायला तूर्त आधार नव्हता. रुग्णाच्या मुलीनं बोर्डानंतर विचारलं होतं, ‘म्हणजे बाबांचं औषध अजून चालतंय ना?’ तिला उत्तर दिलं, दोन ठिकाणी चालतंय.

पाच बैठका झाल्या. पेमेट्रेक्सेडची एक सायकल पुढे ढकलली, नंतर ते नेहमीसारखं चालू राहिलं. मायस्थेनिया शांत राहिला.

चार महिन्यांनंतरचा स्कॅन: फुप्फुस २.७, नोड १.०, अ‍ॅड्रिनल ३.४ आणि मधोमध काळसर. हे मरून पडलेलं आहे की आत अजून काही जिवंत आहे, ते चित्रावरून कळत नाही, आणि पुन्हा सुई घालण्याइतकं कारणही नाही. जुन्या अ‍ॅड्रिनल बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये मिलिमीटरभर ऊती शिल्लक आहे. आयएल-३४ चा स्टेन लावून पाहावा असं दोनदा मनात आलं. अजून कापलेली नाही. डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये कधी काही उगवलंच, तर ती शेजारी ठेवून पाहायला लागेल.